शाळेच्या अडचणी: वेळ पाच मिनिटं

आमच्या भागातला सेवा क्लब वर्षातून एकदा मला सभेला बोलावतो, सरकारी शाळेची मुख्याध्यापिका म्हणून. विषय ठरलेला: शाळेच्या अडचणी. वेळ पाच मिनिटं, मग चहा.

पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि वाचायला लागले. तिसरीच्या वर्गाचं छत गळतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. चार वर्गांना मिळून आम्ही दोघीच शिक्षिका.

इथवर आल्यावर लक्षात आलं, हा तर मागच्या वर्षीचा कागद. दुसऱ्या बाईंची बदली होऊन वर्ष होत आलं होतं.

मान वर करून पाहिलं. खजिनदार मान डोलावत होते, मागच्या वर्षी जिथे डोलावली होती तिथेच. म्हटलं, असू दे. शेवटपर्यंत वाचला. टाळ्या झाल्या.

"बाई, अगदी पोटतिडकीने बोललात," अध्यक्ष म्हणाले. "यंदा त्या कडीचं तरी नक्की बघू." शेजारच्या सचिवांनी 'कडी' असं लिहूनही घेतलं. "आणि पुढच्या वर्षी पण यायचं हं, हक्काने!"

"येते," मी म्हणाले. निघताना आपण तसंही 'येते'च म्हणतो.

बसमध्ये सुटे पैसे शोधताना यंदाचा कागद हाताला लागला. त्यावर दोनच ओळी होत्या.


'आपल्या आजवरच्या मदतीबद्दल आभार. शाळा मागच्या महिन्यात बंद झाली.'