मोकळी वायर

संचिता कुडाळच्या एमआयडीसीत सर्किटं दुरुस्त करायची. एका डब्यात जेवलेला तिचा जुना भागीदार गुरुप्रसाद याने तिला बदललेलं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर दिलं, आणि विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या तिच्या स्वस्त ऑसिलोस्कोपची बँडविड्थ दुप्पट झाली; पूर्वी न दिसणाऱ्या वेगवान लहरीही दिसू लागल्या.

दुपारी स्कोपची वायर कशालाच जोडलेली नसताना पडद्यावर एक लहर ठोके देऊ लागली. संचिताने स्वतःचं मनगट धरलं. ती तिचीच नाडी होती.

तिने गुरुप्रसादला फोन लावला. "तुज्या स्कोपवर पण असा दिसता काय रे?"

"दिसायचा. तुका दिल्यावर तेना माका सोडल्यान."

"ठाऊक आसताना माका दिलंस?"

"माका पोरां आसत गो," म्हणून त्याने फोन ठेवला.

पडद्यावरचा एक ठोका चुकला. क्षणभराने मनगटावरच्या तिच्या बोटाखालचाही चुकला.