देवाची मर्जी

नको असलेलं काम टाळायला देवाला पुढं करायचं, ही लेकाची खोड गिरिजाबाईला मुळीच खपत नसे. आज सुनेची सोलापुरात नर्सच्या नोकरीची मुलाखत होती, सकाळची एसटी चुकली होती आणि दारातली मोटारसायकल काही केल्या चालू होईना. “अव्वा, आज अमावस्या हाय. देवाचीच मर्जी न्हाय, आपुन काय करनार?” किका मारून घामाघूम झालेला अमरेश आईला म्हणाला. सुनेचे डोळे भरले. गिरिजाबाईनं त्याला बाजूला सारलं, गाडी हलवून टाकीतलं पेट्रोल ऐकलं, मग ती पदर खोचून वाकली. प्लगची टोपी काढून वायरीसकट टाकीखाली दडवलेली होती. तिनं ती दाबून बसवली आणि लेकाला किक मारायला लावली. गाडी धडधडली. “शिकलेली बायको तूच मागितलीस की रं! आता तिच्या पगाराला भ्याचं असंल तर खुशाल भी, पर गाडी हाण!”