गोठ्याचा लाडका आवाज

"धारा मी काढायच्या आणि लाडकी मात्र ती!" म्हणत इंदूने स्पीकरची वायर उपटली.

बंदिस्त गोठ्यातल्या राखीव पंख्यांची आज चाचणी होती. वीज गेली की ते बॅटरीवर सुरू होत, आणि म्हशी बिथरू नयेत म्हणून संगणकावर चालणारा गोठा त्यांना स्पीकरवरून आवडीचा आवाज ऐकवी. गळपट्ट्यांतून काळजाचे ठोके मोजून त्याने निवडला होता इंदूच्या धाकट्या जावेचा, शालनचा आवाज.

इंदूने वीज तोडली. अंधारात पंखे घरघरले, म्हशी दावी तोडायला लागल्या. तिने हाकांवर हाका मारल्या, एकही ऐकेना. शेवटी दातओठ खात तिने शालनसारखा नाजूक आवाज काढला, "उगी गं माझी बाय, उगी."

म्हशी शांत झाल्या.

भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'चाचणी यशस्वी. आवाज : शालन.'