गुलाबपाणी

मुक्त व्यापार करारावर शेतकऱ्यांचं म्हणणं ऐकायला सरकारनं शिरूरला बोलावलेली ही तिसरी बैठक. बाहेरची दूध पावडर देशात येऊ द्यायची का, या प्रश्नावर न्हावऱ्याच्या दूध संस्थेचे चेअरमन हौसराव मागच्या दोन्ही वेळी ठणकावून ‘न्हाई’ म्हणाले होते. या वेळी दारातच त्यांना कुंकू लावलं, गळ्यात हार घातला आणि पहिल्या रांगेत, एसीच्या अगदी झोतात नेऊन बसवलं.

“जत्रंतल्या बोकडावानी नटवलंय की मला,” ते शेजारच्या ज्ञानदेवला हसत म्हणाले.

“त्येला निदान इचारत्यात तरी, आबा. अंगावर पानी शिपडायचं. त्येनं अंग झाडलं की रुकार मिळाला म्हनायचं. न्हाई झाडलं, तर झाडंपतुर पानी मारीत ऱ्हायचं.”

दोघंही खळखळून हसले. तेवढ्यात बैठक घेणाऱ्या सरकारी साहेबांनी माइक हातात घेतला. “काय आबा, आता तरी येऊ द्यायची ना पावडर?”

हौसराव उत्तर द्यायला उठले, तोच स्वागताच्या मुलीनं गुलाबदाणीतलं गार पाणी त्यांच्या मानेवर शिंपडलं. त्यात वरून एसीचा झोत. शब्द ओठावर यायच्या आत त्यांचं सगळं अंग मानेसकट थरथरलं.

“आबांनी मान हलवली!” साहेब खुशीत म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

हौसरावांनी ज्ञानदेवकडं पाहिलं. तो टाळ्या वाजवत नव्हता. त्यांच्या गळ्याकडं बघत होता.