गाण्यातलं हसू

“माइक नको,” व्हॅलेरी म्हणाली. “रेकॉर्डच लावा.”

रसेल तिच्याकडे बघतच राहिला. इंग्लंडमधल्या स्टोक शहराच्या दहनगृहातल्या त्या छोट्या हॉलमध्ये, पहिल्या रांगेत, साक्षात ती बसली होती. ऐन तारुण्यात टीव्हीवर चंदेरी कोट घालून गाणारी, नाचणारी. त्याने निरोप धाडला तेव्हा उत्तराची आशाच नव्हती. पण त्याच्या गेलेल्या बायकोचं, जॅनीनचं, माहेरचं नाव वाचून व्हॅलेरीने लगेच कळवलं होतं, येते म्हणून.

त्या रेकॉर्डवरचं गाणं त्याने पहिल्यांदा ऐकलं ते एका बंद पडलेल्या कपबशांच्या कारखान्यात, चोरून भरवलेल्या रात्रभराच्या नाचात. पहाट झाली होती, घामाने निथळणारी शेकडो पोरं नाचत होती, आणि पोलीस दाराशी येऊन ठेपले तरी कुणी थांबेना. रेकॉर्डवर ना नाव ना गाव. शेवटच्या ओळीआधी गाणारी खुदकन हसायची. त्या हसण्यावर रसेल जो भाळला तो कायमचा. पुढे टीव्हीवर तेच गाणं म्हणताना व्हॅलेरी दिसली आणि तिचं पोस्टर भिंतीवर लागलं. लग्नानंतरही त्याने ते उतरवलं नाही.

जॅनीन दुसऱ्या एका कारखान्यात कपांना कान जोडायची. ते गाणं लागलं की ती स्वयंपाकघरातून गुणगुणायला लागे आणि हा ओरडे, “गप गं! मला तिला ऐकू दे.”

एकदा पबमध्ये ती म्हणाली, “मीही म्हणते की असंच.”

“हो तर!” रसेलचा मित्र बॅझ म्हणाला. “आणि मी राणीचा जावई!”

सगळा पब हसला. सगळ्यात मोठ्याने रसेल. त्यानंतर जॅनीन कधी गुणगुणली नाही, आणि मग घशाच्या कॅन्सरने तिचा आवाजच नेला. शेवटचे महिने घरात केटलीच काय ती बोलायची. ते त्याला आता आतून खात होतं.

“बाई, दोनच ओळी म्हणा,” तो काकुळतीला आला. “मी तिला ते गाणं कधी पुरं करू दिलं नाही. तुम्ही तिच्यासाठी पुरं करा. तेवढीच माझी माफी.”

“मला नाही जमणार.”

“आज तरी कशाला एवढा तोरा?” रसेलचा आवाज चढला.

“सोड रे,” मागून बॅझ पुटपुटला. “वयानं गळा बसला असेल तिचा.”

रेकॉर्ड लागली. व्हॅलेरी उठून शवपेटीपाशी गेली. शेवटच्या ओळीआधी ते हसू आलं, तसंच, कोवळं, आणि रसेलला रडू आवरेना. व्हॅलेरीने पेटीवर हात ठेवला. तिचेही डोळे वाहत होते.

“रेकॉर्डिंगच्या दिवशी मी स्टुडिओच्या काचेपलीकडे नुसते ओठ हलवायचा सराव करत होते,” ती म्हणाली. “ते बघून जॅनीनला गाता गाता हसू फुटलं.”