कडेची जागा

इंग्लंडमधल्या स्टॅमफर्डच्या जुन्या दगडी हॉलच्या पायऱ्यांवर सत्तावीस वऱ्हाडी एका फोटोत बसवता बसवता देविकाचा घसा बसला होता. ऊन पाच मिनिटांत ढगाआड जाणार, समोर पर्यटकांची बस येऊन थांबलेली, आणि नवरदेवाची आई, शिल्पाकाकू, चौथ्यांदा मधली जागा सोडून रांगेच्या पार टोकाला गेलेल्या.

"काकू, प्लीज! वरमाई ना तुम्ही? मधे या, मिहीरच्या शेजारी."

"हो हो, आले," म्हणत त्या आल्या. देविकाने कॅमेऱ्याला डोळा लावला, तोवर बाई पुन्हा टोकाला.

आता मात्र देविकाचं डोकंच फिरलं. एवढी भरजरी साडी नेसायची, नथ घालायची, आणि ऐन फोटोच्या वेळी शेजारणीसारखं कडेला उभं राहायचं, हा कुठला संकोच? ती तरातरा पायऱ्या चढून गेली आणि तिने काकूंचा दंडच धरला.

"काकू, इतक्या कडेला राहिलात तर प्रिंटमध्ये क्रॉप व्हाल! मग मला नावं ठेवू नका."

"क्रॉप व्हायलाच उभी आहे गं," काकू हळूच म्हणाल्या. "थोरल्याच्या लग्नात मधे उभी राहिले होते. त्याच्या बाबांच्या दुसऱ्या बायकोला मला कापता येईना, म्हणून त्या घरात अजून माझ्या पोराचा फोटोच लागलेला नाही."