नवऱ्याची वर्दी

आमच्या थायलंडातल्या उदोनमध्ये परदेशी नवरा म्हणजे जन्माचं काम. तो कुठल्याही घरी राहायला आला किंवा बाहेरगावाहून परतला, की ते घर ज्याच्या नावावर असेल त्यानं दुसऱ्या दिवशी सरकारी कचेरीत जाऊन वर्दी द्यायची. थाई जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. त्यामुळे घर प्रानोमचं, आणि प्रेबेनपायी, तिच्या डॅनिश नवऱ्यापायी, हेलपाटेही तिचेच.

"काय मावशी, काका परत मासे धरायला गेले होते वाटतं?" कचेरीच्या खिडकीतल्या ओराथाईनं कॉम्प्युटरवर प्रेबेनचं नाव काढत विचारलं.

"हो ना. आठवडाभर समुद्रावर होता, आणि मासा एक आणला नाही. रापलासुद्धा नाही मेला!"

"समुद्र? लोई प्रांताच्या डोंगरात कुठला आलाय समुद्र?" ओराथाई हसली. "पण तिथली बाईही तुमच्यासारखीच नियमाची पक्की हं. काका पोचले, की दुसऱ्या दिवशी तिची वर्दी हजर. दर वेळी."

मग आपण काय बोलून गेलो हे तिचं तिलाच कळलं, आणि तिनं जीभ चावली.

प्रानोमनं तिच्यासाठी आणलेली चिकट भाताची टोपली नेहमीसारखी खिडकीतून आत सरकवली.

"लिही. घरी आला म्हणून लिही."

ओराथाई टाइप करत नात्याच्या रकान्याशी आली. तिनं हळूच विचारलं, "नातं... नेहमीचंच ना, मावशी? बायको?"



"घरमालकीण."